सामायिक खर्डा : मराठी संगणक-प्रणालींच्या सहकारी घडणीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात असलेले खर्डा हे गाव मराठ्यांच्या इतिहासात एका लढाईमुळे प्रसिद्ध आहे. ११ मार्च १७९५ रोजी या परिसरात पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र आलेल्या मराठी फौजांनी निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाला खर्ड्याच्या किल्ल्यात आश्रय घेऊन तह करावा लागला. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन हे सारे सरदार एका मोहिमेत एकत्र आल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग म्हणून इतिहासकारांनी त्याची नोंद केली आहे. मराठी भाषेत ‘खर्डा’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. पुढे ज्यात दुरुस्त्या व्हायच्या आहेत असे लेखन. ‘खर्डेघाशी’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. (मिरचीच्या खर्ड्याचा येथे संबंध नाही.) गावाचे नाव व हा शब्द यांची व्युत्पत्ती एकच आहे असे सुचविण्याचा हेतू नाही. तथापि अनेक हातांनी मिळून एकच मसुदा लिहावा, तो कोणीही दुरुस्त करावा आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहावी, ही कल्पना संगणक-प्रणालींच्या घडणीत कशी आली आणि मराठी भाषकांनी तिचा उपयोग कसा केला, याचा विचार करताना हे नाव दोन्ही अर्थांनी उपयोगी पडते. ‘खर्ड्याची लढाई’ ही तीन-चार अक्षरांची जोडणी संगणकाच्या पडद्यावर शुद्ध दिसावी यासाठी जे श्रम झाले, त्यांचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

पाठभेदांची परंपरा

सहकारी लेखनाची कल्पना संगणकाबरोबर महाराष्ट्रात आली, असे मानण्याचे कारण नाही. खर्ड्याच्या मोहिमेविषयीचीच साधने पाहिली तरी हे दिसून येते. मोहिमेवरील छावणीतून लिहिलेली पत्रे, वकिलांची बातमीपत्रे, नंतर रचलेल्या बखरी आणि इंग्रजी दप्तरांतील वृत्तान्त अशा विखुरलेल्या कागदांवर या लढाईचे ज्ञान उभे आहे. त्यांपैकी बराच पत्रव्यवहार मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून निवडून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेत प्रसिद्ध केला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. साधन एकाने शोधावे, दुसऱ्याने वाचावे, तिसऱ्याने त्यातील तिथी तपासावी आणि हे सारे मुद्रित करून चौथ्याच्या टीकेसाठी खुले ठेवावे, ही रीत या मंडळींनी घालून दिली.

याहून नेमके उदाहरण पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू झाले व १९६६ मध्ये पूर्ण झाले. वि. सी. सुखटणकर यांनी या कामाला शास्त्रशुद्ध वळण दिले. निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते अक्षरशः एकमेकांशी ताडून पाहावयाची, प्रत्येक श्लोकाखाली पाठभेद नोंदवावयाचे, हे काम पुण्याखेरीज शांतिनिकेतन व तंजावर येथेही चालत असे. दूरदूरच्या केंद्रांतील माणसे ठरलेल्या नियमांनी एकाच संहितेवर काम करीत आहेत आणि कोणता पाठ का स्वीकारला याचा पुरावा तळटीपेत ठेवीत आहेत, असे हे दृश्य होते. सॉफ्टवेअर घडविणाऱ्या समूहांत आज जे प्रत्यही चालते, त्याचे मूळ तत्त्व याहून फारसे वेगळे नाही. दोन मसुद्यांतील फरक ओळीओळीने दाखविणारी ‘डिफ’ ही आज्ञावली १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात युनिक्स प्रणालीबरोबर आली. असा फरक दुसऱ्याच्या प्रतीत आपोआप बसविणारी ‘पॅच’ ही आज्ञावली लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. फरक एवढाच की, पाठभेद नोंदविणारा संपादक जुन्या लेखकूंच्या चुका शोधीत असतो, तर संगणकावरील सहकारी हे स्वतःच लेखकू असतात आणि स्वतःचे पाठभेद स्वतःच नोंदवीत जातात.

बखरींच्या बाबतीत नेमकी हीच सोय नव्हती. नक्कलकाराने एखादा आकडा वाढविला, एखाद्या सरदाराचे नाव गाळले, तर ते कोणी व केव्हा केले हे कळण्याचा मार्ग नसे. मराठी इतिहास-संशोधनाचा कितीतरी काळ या एका उणिवेची भरपाई करण्यात गेला आहे.

विकीचा उगम प्रोग्रामरांच्या गरजेतून

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली व लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ‘लिनक्स’चे बीज रोवले, तेव्हा सहकाऱ्यांमधील संवादाचे साधन मुख्यतः ई-पत्र हेच होते. दुरुस्त्या पत्रातून पाठविल्या जात. चर्चाही पत्रांतूनच होई. या पद्धतीची अडचण अशी की, झालेला निर्णय कोणत्या पत्रात दडला आहे हे नवागताला कळत नसे.

या अडचणीवर वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने जो उपाय काढला तो ‘विकी’. २५ मार्च १९९५ रोजी त्यांनी प्रोग्रामरांना आपापल्या रचनापद्धती एकमेकांना सांगता याव्यात म्हणून कोणालाही संपादित करता येईल असे संकेतस्थळ खुले केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे झटपट. खर्ड्याच्या लढाईला त्याच महिन्यात दोनशे वर्षे झाली होती. योगायोगाला इतिहासात पुरावा मानीत नाहीत. परंतु विकी हे ज्ञानकोशासाठी नव्हे तर सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांच्या परस्परसंवादासाठी जन्मले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. विकिपीडिया त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी, १५ जानेवारी २००१ रोजी, सुरू झाला.

याच काळात इतर साधनेही आकाराला आली. दोषांची जाहीर नोंदवही म्हणता येईल अशी ‘बगझिला’ ही प्रणाली १९९८ मध्ये मुक्तस्रोत झाली. ‘सोर्सफोर्ज’ हे प्रकल्पांना एकत्र जागा देणारे स्थळ १९९९ मध्ये सुरू झाले. टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’ ही आवृत्ती-व्यवस्थापनाची प्रणाली लिहिली आणि २००८ मध्ये ‘गिटहब’ने तिला सामाजिक रूप दिले. आवृत्ती-व्यवस्थापन जुने होते. त्याच्या शेजारी माणसाचे नाव, त्याचे पूर्वीचे काम, त्याच्या सूचनेवर इतरांनी दिलेली मते आणि ‘हा बदल स्वीकारावा’ अशी विनंती, हे सारे एकाच पानावर दिसू लागले हे नवे. ‘वेब २.०’ हे नाव २००४ च्या सुमारास रूढ झाले तेव्हा त्याचा अर्थ बहुतेकांनी छायाचित्रे व गप्पा असा घेतला. परंतु ज्या समाजाच्या हाती आपल्या लिपीची साधनेही पुरती नव्हती, त्याच्या दृष्टीने या साधनांचे महत्त्व मनोरंजनापुरते नव्हते.

नऊ संकेतांची कहाणी

‘खर्ड्याची’ हा शब्द युनिकोडमध्ये नऊ संकेतांनी लिहिला जातो : ख, र, हलन्त, ड, हलन्त, य, काना, च, दीर्घ वेलांटी. पडद्यावर मात्र र चा रफार होऊन तो ‘ड्या’ या संपूर्ण जोडाक्षराच्या माथ्यावर बसला पाहिजे. म्हणजेच साठविण्याचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा क्रम वेगळा. लेखन उच्चाराच्या क्रमाने साठवावे आणि रूप देण्याचे काम प्रणालीने करावे, हे तत्त्व भारतीय प्रमाण-संकेतावलीने, म्हणजे ‘इस्की’ने, स्वीकारले होते व युनिकोडने १९९१ मधील आपल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीसाठी तेच घेतले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेचा या घडामोडीत मोठा वाटा आहे.

तथापि १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील छपाई प्रत्यक्षात या मार्गाने गेली नाही. छापखाने, वृत्तपत्रे व महाविद्यालये निरनिराळ्या कंपन्यांच्या टंकांवर मजकूर तयार करीत. या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत आणि मजकूर दिसेल त्या क्रमाने साठविला जाई. अशा टंकात ‘खर्ड्याची’ लिहिताना आधी ‘खड्या’ आणि मग वरचा रफार, असा क्रम असे. एका टंकातील मजकूर दुसऱ्या टंकात उघडला की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. पुढे हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना रफार नेमका कोठे न्यावा हे अर्धवट रूपांतरकांना उमगले नाही. ‘खर्ड्याची’चे ‘खड्र्याची’ झाले, ‘वर्षे’चे ‘वष्रे’ झाले, ‘कार्यकर्ते’चे ‘कार्यकत्रे’ झाले. आंतरजालावरील जुन्या मराठी बातम्यांत ही रूपे आजही आढळतात. वाचक त्यांतून अर्थ लावतो. शोधयंत्राला तो लावता येत नाही. खर्ड्याविषयी शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने असा लेख नसल्यासारखाच होय. एका पिढीचे मराठी लेखन अशा तऱ्हेने दृष्टिआड होण्याचा धोका होता, आणि तो पूर्णपणे टळला आहे असे म्हणवत नाही.

युनिकोड स्वीकारल्यानेही प्रश्न आपोआप सुटला नाही. संकेतांना रूप देणारी यंत्रणा प्रत्येक प्रणालीत वेगळी होती. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. लिनक्सवरील ग्नोम व केडीई या दोन व्यवस्थांत दोन वेगळ्या यंत्रणा रूप देण्याचे काम करीत. रफार एकीकडे बरोबर पडे, दुसरीकडे चुके. अशा वेळी सामाजिक साधनांचा उपयोग कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. दोषाची नोंद करण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नसते. कोणता शब्द, कोणता टंक, काय दिसले, काय दिसावयास हवे होते, एवढे लिहून पडद्याचे चित्र जोडले की पुरे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद परदेशातील प्रोग्रामरला ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सांगण्यास मराठी वाचणाराच हवा. यांतला पहिला समुद्र व दुसरी डोंगरातील घळ, आणि दोहोंतील र एकच असला तरी लिहिण्याची तऱ्हा वेगळी. मराठीतील हा चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : खालील टिंबाच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या र व हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दोन्ही रीती टिकल्या आणि त्यामुळे दिसायला सारखे पण साठवणीत भिन्न असे शब्द निर्माण झाले.

‘ॲ’ या अक्षराची कथा याहून बोलकी आहे. बँक, बॅट या शब्दांतील स्वर व्यंजनावर दाखविण्याची सोय पहिल्यापासून होती. पण शब्दारंभी येणारा स्वतंत्र ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आला. तोवर मराठी लेखक अ वर चंद्र देऊन काम भागवीत. कित्येक यंत्रणांना हे जोडकाम अशुद्ध वाटे व त्या मध्ये टिंबांचे वर्तुळ दाखवीत. अक्षर मिळाल्यानंतर जुन्या पानांतील रूपे बदलण्याचे काम उरले आणि ते माणसांनी व विकीवरील स्वयंचलित आज्ञावल्यांनी करावयाचे होते.

टंकांच्या क्षेत्रात ‘लोहित’ मालेचे उदाहरण महत्त्वाचे आहे. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये भारतीय लिपींचे हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध केले. कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात भारतीय भाषांसाठी काम करणारा अभियंत्यांचा गट होता, परंतु टंक मुक्त असल्याने दोष दाखविण्याचा व सुधारण्याचा अधिकार त्या कार्यालयापुरता राहिला नाही. मराठी ल व श यांची वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी असतात; एकाच टंकात भाषेनुसार योग्य वळण निवडण्याची सोय करता येते, परंतु ती करावयाची तर कोणीतरी आग्रह धरावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने पुढे ‘मुक्ता’, ‘बालू’ यांसारखे टंक मुक्त परवान्याने दिले, तेव्हा असा आग्रह धरणारे आणि टंक घडविणारे एकाच भाषेतले होते.

रूप देणाऱ्या यंत्रणांचे एकत्रीकरण ‘हार्फबझ’ या मुक्त प्रकल्पात झाले. आज फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड व लिब्रेऑफिस हे सारे त्याचा उपयोग करतात. परिणामी रफाराविषयीची एक दुरुस्ती तेथे स्वीकारली गेली की ती कोट्यवधी यंत्रांवर पोचते; आणि तेथे राहिलेली चूकही तितकीच दूर पोचते.

शब्दांची चावडी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. त्याच्याकडे बहुधा लेखांचा संग्रह म्हणून पाहिले जाते. परंतु ज्या मीडियाविकी प्रणालीवर तो चालतो ती स्वतः सहकारी पद्धतीने घडलेली आहे. माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला, ली डॅनियल क्रॉकर यांनी २००२ मध्ये ती नव्याने लिहिली आणि त्यानंतर असंख्य हातांनी तीत भर घातली. मराठी सदस्यांचा तिच्याशी संबंध मुख्यतः भाषांतरातून आला. फिनलंडच्या निक्लास लॅक्सट्रॉम यांनी उभारलेल्या ‘ट्रान्सलेटविकी’ या स्थळावर प्रणालीतील प्रत्येक संदेश स्वतंत्र पानावर येतो, कोणीही त्याचे भाषांतर करावे, दुसऱ्याने दुरुस्त करावे आणि प्रणालीच्या पुढील आवृत्तीत ते समाविष्ट व्हावे अशी योजना आहे. आज्ञावली न लिहिणारा मनुष्य येथे सॉफ्टवेअरचा सहलेखक होतो.

या कामातून जे शब्द रूढ झाले ते पाहिले म्हणजे भाषांतरकारांची दृष्टी कळते. सदस्यांनी एकत्र जमून बोलण्याच्या पानाला त्यांनी ‘चावडी’ म्हटले. सराव करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ हा जुन्या पंतोजींच्या शाळेतील शब्द दिला. स्वयंचलित आज्ञावलीला ‘सांगकाम्या’ म्हटले. सांगितले तेवढेच करणारा आणि न सांगितलेले कधीच न करणारा, हा अर्थ त्यात मूळ इंग्रजी शब्दाहून अधिक नेमकेपणाने येतो. मत घेण्यास ‘कौल’, व्यवस्था पाहणाऱ्यास ‘प्रचालक’. शब्द घडविण्यासाठी समिती नेमली तर तिला असे शब्द सुचतातच असे नाही. सरकारी परिभाषेत ‘फाइल’साठी धारिका, संचिका असे पर्याय दीर्घकाळ नांदले आणि संगणकाच्या निरनिराळ्या प्रणालींत ते निरनिराळे आले, ‘सेव्ह’ला कोठे जतन करा, कोठे साठवा, कोठे सुरक्षित करा. ही अनवस्था कमी व्हावी म्हणून २००८ मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. वारंवार येणाऱ्या संज्ञांची यादी करून भाषेच्या जाणकारांनी व भाषांतरकारांनी एकत्र बसून त्यांवर एकमत करावे, अशी त्याची रीत होती. येथे आंतरजालावरील साधनांइतकेच एका खोलीत समोरासमोर बसण्याचे मोल होते, हे नमूद करावयास हवे.

मराठी व्याकरणाने या प्रणालींपुढे जी अडचण उभी केली तिचेही उदाहरण खर्डा हेच घेता येईल. इंग्रजीत रचलेल्या संदेशात नावाची जागा रिकामी ठेवलेली असते आणि प्रणाली तेथे नाव बसवते. मराठीत ‘…चा इतिहास’ असा संदेश केला तर ‘खर्डा चा इतिहास’ असे विद्रूप वाक्य तयार होते, कारण विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होऊन ‘खर्ड्या’ व्हावे लागते. संदेशाचे भाषांतर करणारा पुढे कोणते नाव येईल हे जाणत नाही. मीडियाविकीत वचन व लिंग यांनुसार संदेश बदलण्याची सोय आहे. सामान्यरूपाचे सर्व प्रकार तीत मावत नाहीत. म्हणून मराठी भाषांतरकारांना पुष्कळदा वाक्य टाळून ‘इतिहास : खर्डा’ अशी मांडणी करावी लागते. शुद्धलेखन तपासणाऱ्या ‘हनस्पेल’ या प्रणालीत मात्र हे गणित बरे सुटते. ती मुळात हंगेरियनसारख्या प्रत्ययबहुल भाषेसाठी रचलेली असल्यामुळे ‘शेवटचा काना काढा, ्या लावा, मग चा-ची-चे जोडा’ असा नियम तीत लिहिता येतो. हंगेरीच्या भाषेची गरज मराठीच्या उपयोगी पडली, ही गोष्ट मुक्तस्रोत पद्धतीचे बळ सांगते.

विकिपीडियाच्या बाहेरही हा व्यवहार चालू होता. ‘मनोगत’ (२००४), ‘उपक्रम’ व ‘मिसळपाव’ (२००७) ही मराठी संकेतस्थळे ‘ड्रुपल’ या मुक्त प्रणालीवर उभी राहिली. रोमन कळफलकावरून देवनागरी उमटविणारे ‘गमभन’ हे साधन अशा स्थळांवर वापरले गेले आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून सुधारत गेले. विकीवर हेच काम आधी स्थानिक जावास्क्रिप्टने, नंतर ‘नारायम’ या विस्ताराने आणि त्यापुढे अनेक भाषांसाठी असलेल्या सामायिक भाषा-निवडकाने केले. २००५ पासून केंद्र सरकारने भारतीय भाषांतील टंक व प्रणालींच्या सीडी मोफत वाटल्या होत्या. त्या उपक्रमाने पुष्कळांना संगणकावर प्रथमच मराठी दिसली, हे त्याचे श्रेय. परंतु सीडी एकदा हाती आली की तीतील दोष कळविण्याचा आणि दुरुस्त प्रत उद्या मिळविण्याचा मार्ग वापरणाऱ्याच्या हाती उरत नसे.

सहकाराची तुलना आणि तिची मर्यादा

अहिल्यानगर जिल्हा सहकारी चळवळीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने लोणी येथे उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. त्यामुळे मुक्तस्रोत प्रणालींचे वर्णन ‘ज्ञानाचा सहकार’ असे करण्याचा मोह होतो, आणि तो काही अंशी योग्यही आहे. दोन्हींत उत्पादक व उपभोक्ता यांमधील भिंत पातळ होते. दोन्हींत नियम लेखी असतात.

परंतु तुलना फार ताणू नये. कारखान्यात सभासदाचा भाग असतो, त्याला एक मत असते आणि ऊस गाळपास आणल्याखेरीज साखर होत नाही. संगणक-प्रणालीची प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. ती न घडविणाराही तितक्याच हक्काने वापरतो. म्हणून येथे टंचाई वस्तूची नसते, देखभालीची असते. मराठी साधनांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते ते हेच. एखादा कळफलक, रूपांतरक वा भाषांतराचा संच दोन-तीन उत्साही माणसे घडवितात. नोकरी बदलते, गाव बदलते, आणि ब्राउझरच्या पुढील आवृत्तीत ते साधन चालेनासे होते. मूळ आज्ञावली जाहीर ठिकाणी असेल, तिच्या बदलांचा इतिहास व चर्चा शाबूत असेल, तर दुसरा कोणी ती उचलू शकतो. ती एखाद्याच्या खाजगी संगणकावर असेल तर तिचे काय होते, हे घरोघरच्या वाळवी लागलेल्या दप्तरांच्या गोष्टी वाचलेल्या इतिहासाभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. राजवाडे-खरे यांनी वाड्यांतून कागद बाहेर काढले नसते तर खर्ड्याच्या मोहिमेबद्दल आज कितीसे बोलता आले असते?

सामाजिक साधनांची दुसरी बाजूही आहे. गिटहबसारखे स्थळ एका कंपनीच्या मालकीचे आहे. २०१८ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. बोलण्याची भाषा तेथे इंग्रजीच राहते आणि मराठी शब्दाचा दोष मराठीत समजावून सांगण्याची सोय नसते. विकिमीडियाने २०१४ मध्ये बगझिला सोडून ‘फॅब्रिकेटर’ ही दोषनोंदीची प्रणाली स्वीकारली, पण तेथेही हीच स्थिती आहे. जामखेड वा खर्डा येथील एखाद्या शिक्षकाला आपल्या गावाचे नाव पडद्यावर चुकीचे दिसले, तर ते कळविण्याआधी त्याला इंग्रजी व नंतर त्या समूहाचे शिष्टाचार शिकावे लागतात. चावडी मराठी झाली. कचेरी अद्याप इंग्रजीच आहे.

नावांचा प्रश्न

खर्ड्याचे नाव इंग्रजी साधनांत एकाच रूपात येत नाही. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात ते ‘कुर्डला’ असे आहे. पुढील इंग्रजी लेखनात ‘खर्डा’ रूढ झाले. मराठीतही ‘खरडा’ व ‘खर्डा’ अशी दोन लेखने आढळतात. छापील ग्रंथाच्या सूचीत ‘पाहा’ असे लिहून जे काम होई, ते विकीवर पुनर्निर्देशनाने होते : वाचकाने कोणतेही रूप शोधले तरी तो एकाच पानावर येतो. त्याच्याही पुढचे पाऊल म्हणजे २०१२ मध्ये सुरू झालेला ‘विकिडेटा’. तेथे स्थळाला वा घटनेला एक क्रमांक असतो आणि त्याची निरनिराळ्या भाषांतील नावे, पर्यायी नावे व संबंध त्या क्रमांकाशी जोडलेले असतात. लढाईचे दिनांक, पक्ष, स्थान हे एकदा नोंदले की सर्व भाषांतील लेखांच्या चौकटींना तेथून माहिती घेता येते.

अशा रचनेची कसोटी २०२४ मध्ये लागली. त्या वर्षी अहमदनगर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी हे खर्ड्याप्रमाणेच जामखेड तालुक्यात आहे. ज्या प्रणालींत जिल्ह्यांची यादी आज्ञावलीच्या पोटात कायमची लिहिलेली असते, तेथे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र दुरुस्ती लागते. जेथे नाव हे क्रमांकाला जोडलेले लेबल असते, तेथे लेबल बदलले जाते आणि जुने नाव पर्याय म्हणून शिल्लक राहते. ते शिल्लक राहणे आवश्यकच आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगरचा खंड १८८४ चा. त्यातील खर्ड्याच्या किल्ल्याचे वर्णन शोधणाऱ्याला जिल्ह्याचे जुने नाव लागणार, आणि आजची कागदपत्रे शोधणाऱ्याला नवे. नाव केव्हापासून लागू झाले हा दिनांक नोंदविण्याची जागा विकिडेटात आहे. ती भरावयाची की नाही, आणि कोणता शासकीय आदेश पुरावा म्हणून जोडावयाचा, हे यंत्र ठरवीत नाही. ते त्या त्या वेळी संपादन करणाऱ्या सदस्याला ठरवावे लागते, आणि त्याने काय ठरविले हे पानाच्या इतिहासात पुढच्या वाचकाला पाहता येते.